आईच्या अर्ध्या बाहीची पिशवी

पत्र:

माझ्या मुलीला दीड महिन्यापूर्वी मुलगा झाला. बाळंतपण माझ्याकडेच आहे आणि बारसं पंधरा दिवसांवर आलं आहे. बाळाला मी चांदीची वाटी-चमचा देणार आहे. तो हाताने विणलेल्या पिशवीतून द्यावा असं मनात आलं. मग वाटलं, येणाऱ्या पंचवीस बायकांनाही तशीच एकेक छोटी पिशवी द्यावी. शाळेत असताना थोडंफार विणलं होतं, तेवढंच. आता व्हिडिओ बघून ३० टाके घातले, एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणत गेले. वीतभर झाल्यावर मोजले तर ३७ टाके! शिवाय तुकडा सुरळीसारखा गुंडाळला जातो, इस्त्री फिरवली तरी सरळ होत नाही. मुलगी म्हणते, आई, कशाला जीव काढतेस, पिशव्या ऑनलाइन मागवू. ते मला फार लागलं.

आणखी एक. ट्रंकेत माझ्या आईच्या सुया सापडल्या. डोक्यावर ८ आकडा आहे. त्यांवर तिने अर्धवट सोडलेलं विणकाम तसंच आहे. लिंबू रंगाची लोकर, ३६ टाके, चार बोटं विणून झालंय, सगळं सुलट. बहुतेक बाळाच्या स्वेटरची बाही असावी. सोबत अर्धा गुंडा आहे. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. ते उसवून ती लोकर पिशवीला वापरू का? उसवायला हात होत नाही.

– एक नवी आजी, सातारा

उत्तर:

ताई, नातवाला माझे आशीर्वाद. आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरणार आहे. ते उसवू नका.

मी एकदा उसवलं आहे, म्हणून सांगते. माझी मावशी गेली तेव्हा तिच्या पिशवीत मफलरचा हातभर तुकडा होता, राखाडी लोकरीचा. चांगली लोकर वाया कशाला घालवायची, म्हणून मी बसल्या बैठकीला तो उसवला. दहा मिनिटं लागली असतील. मधेच एका ओळीत एक टाका उलटा पडलेला दिसला. मावशी रात्री जेवणं आटोपल्यावर विणायची, डोळ्यांवर झोप असायची, तिथे तिची नजर चुकली असणार. तो टाका मला दिसला आणि तरी माझा हात थांबला नाही, लोकर सरसर येत गेली. त्या लोकरीचे पुढे मी मोजे विणले, ते दोन हिवाळ्यांत झिजले. मोज्यांचं मला काही नाही. तो टाका मात्र मला अजून आठवतो. लोकर काय, दुकानात मिळते. तो टाका तिचा होता.

तुमच्या आईचा तुकडा तर पिशवीसाठी आयता आहे. ३६ टाके, सगळं सुलट, आठ नंबरची सुई. तुम्ही नव्याने टाके घालायला बसला असतात तर मी तुम्हाला अगदी हेच सांगितलं असतं. आईची सुई जिथे थांबली तिथून पुढे तुम्ही विणायचं. एक लांब पट्टी होईल. तिच्या एका टोकाला आईची चार बोटं, पुढचं सगळं तुमचं. तुमचा भाग मधोमध दुमडून दोन्ही कडा शिवल्या की झाली पिशवी, आणि आईचा तुकडा पुढे झाकण म्हणून येईल. अर्ध्या बाहीचं झाकण. त्याला नाड्या नकोत, जाळी नको, एक बटण पुरे.

आता पंचवीस पिशव्यांचं. इथे थोडं गणित करू. असल्या छोट्या पिशवीच्याही साधारण १५० ओळी होतात. ३६ टाक्यांनी गुणलं की ५४०० टाके. हात बसलेला नसताना मिनिटाला वीस टाके झाले तरी पुष्कळ. म्हणजे एका पिशवीला साडेचार तास, शिवण वेगळी. पंचवीस पिशव्यांना ११२ तासांच्या वर. पंधरा दिवसांत बसवायचे तर रोज साडेसात तास. घरात बाळंतीण आहे, बाळाची अंघोळ-मालिश आहे, शेगडी आहे, मुलीचं पथ्याचं जेवण आहे, वर बारशाची तयारी. हे साडेसात तास तुम्ही झोपेतूनच काढणार, आणि मुलीला ते दिसतंय. तिचं बोलणं तुम्हाला लागलं, पण माझ्या मते ती तुमच्या हौसेला नको म्हणत नाहीये, तुमच्या जागरणाला म्हणतेय. पंचवीस पिशव्या खुशाल मागवा. सुती कापडाच्या, साध्या, बिनछापाच्या मागवा.

त्यांच्या नाड्या मात्र घरच्या करा. आईचा अर्धा गुंडा आहे ना, तो तिथे वापरायचा. मीटरभर लोकर घ्यायची, एक टोक दाराच्या कडीला बांधायचं आणि दुसरं बोटांत धरून एकाच दिशेने पीळ द्यायचा. लोकर ताणून धरलेली असू दे. पीळ एवढा भरला पाहिजे की जरा सैल सोडली तर तिच्या आपोआप गाठी पडू लागतील. मग मध्यावर बोट ठेवून दोन्ही टोकं एकत्र आणायची आणि बोट काढून घ्यायचं. दोरी स्वतःच स्वतःभोवती वळत जाते. देवाच्या वाती वळणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. वीत-दीड वीत लांबीची गुबगुबीत नाडी मिळते, टोकांना गाठ मारली की झालं. एकीला पाच मिनिटं. कडीऐवजी दुसरं टोक मुलीच्या हातात द्या. बाळ झोपलेलं असताना पलंगावर बसल्या बसल्या तिला हे जमेल, आणि दोघींनी समोरासमोर बसून आपापल्या उजवीकडे पिळलं की वेळही निम्मा लागतो. पंचवीस नाड्यांना पंचवीस मीटर लोकर. अर्ध्या गुंड्यातून तेवढी निघून वर थोडी उरेल. ती उरलेली जपून ठेवा, शिवायला लागणार आहे.

आता तुमचा तो सुरळी झालेला तुकडा. त्याच्यावर रागावू नका आणि स्वतःवर तर मुळीच नाही. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणलं की समोरची बाजू गुळगुळीत येते आणि सगळे उंचवटे मागे जातात. दोन्ही बाजूंचा ताण वेगळा पडतो, म्हणून उभ्या कडा मागे वळतात आणि वरची-खालची कड पुढे. असं विणकाम कुणीही केलं तरी वळणारच. स्वेटरच्या कडांना वेगळी पट्टी विणतात ती त्यासाठीही. आणि इस्त्रीने ते जात नाही. उलट हल्ली मिळणारी बहुतेक लोकर ॲक्रिलिकची असते, ती तापलेल्या इस्त्रीखाली मेल्यासारखी लुळी पडते नि चकाकते. पुन्हा इस्त्री लावू नका.

सगळ्या ओळी सुलट विणल्या की हा प्रश्नच येत नाही. तुकडा पाटासारखा सपाट राहतो. नीट बघितलंत तर आईच्या तुकड्यावर दोन्ही बाजूंना आडव्या उंच रेघा दिसतील, उसाच्या शेतातल्या सरी-वरंब्यासारख्या. दोन ओळी विणल्या की एक वरंबा होतो. ओळी मोजत बसू नका, डोळा चुकतो. वरंबे मोजा, ते बोटालाही लागतात. आईचे वरंबे मोजून मला कळवलंत तर आवडेल. चार बोटं म्हणजे पंधराएक असावेत.

३० चे ३७ कसे झाले? तुकडा हातात घ्या. त्याची कड हळूहळू बाहेर तिरकी होत गेली असेल तर चूक ओळीच्या सुरुवातीला होतेय. विणकाम उलटून पुढची ओळ सुरू करताना लोकर सुईच्या वरून मागे ओढली जाते. तसं झालं की पहिला टाका ताणून वर येतो आणि त्याचे दोन पाय सुईवर दोन टाक्यांसारखे दिसतात. आपण दोन्ही विणतो. एक टाका वाढला. लोकर सुईच्या खालून मागे गेली की तो एकच टाका राहतो. बस्स, एवढंच. आणि मधेच कुठे बारीक भोकं असतील तर लोकर मागे-पुढे होताना सुईवर एक वेढा जास्तीचा पडला. सगळं सुलट विणताना लोकर कायम मागेच असते, त्यामुळे ती चूक होणार नाही. कडेची चूक मात्र होऊ शकते, म्हणून दर पाच वरंब्यांनी टाके मोजा. ३६ पाहिजेत. ३७ झाले तर लगेच, त्याच बैठकीत मागे या. पुढच्या कुठल्या तरी ओळीत दोनाचा एक करून भागवू नका. झाकणाशेजारी ते डोळ्यात येतं.

व्हिडिओबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. व्हिडिओ अमेरिकेतल्या बाईंचा असेल आणि त्या आठ नंबरची सुई म्हणत असतील, तर ती तुमच्या आईची आठ नंबर नाही. आपल्याकडे जुना इंग्लंडचा नंबर चालतो. त्यात आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. आपली आठ म्हणजे ४ मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत उलटं, आकडा वाढला की सुई जाड, आणि त्यांची आठ ५ मिलिमीटरची. नवी सुई घेताना मिलिमीटर विचारा. तेवढाच आकडा सगळीकडे सारखा असतो.

पहिले दोन दिवस आईच्या सुईवर विणायला घेऊ नका. साधी, फिक्या रंगाची लोकर आणा. गडद रंगात, त्यातून रात्री, टाके दिसत नाहीत. वीस टाके घाला, दहा वरंबे विणा, मोजा. वीसच असतील तर हात बसला.

त्या दोन दिवसांतच आईचा तुकडा धुऊन घ्या. अकरा वर्षं सुईवर राहिलेले टाके ताणलेले असतात, आणि ट्रंकेतल्या लोकरीला कधी कधी कसर लागलेली असते. बोथट टोकाची, मोठ्या नाकाची सुई घ्या, तिच्यात पांढरा सुती दोरा ओवा आणि तो आईच्या सुईवरच्या छत्तीसही टाक्यांतून सावकाश ओढून घ्या. सगळे टाके दोऱ्यात आल्याची खात्री केल्याशिवाय सुई काढू नका. मग दोऱ्याची दोन्ही टोकं एकमेकांना बांधा. आता कितीही हलवलंत तरी टाका सुटणार नाही. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून तुकडा पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा, दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर सावलीत पसरून वाळवा. दोरीवर टांगू नका, ओल्या लोकरीला स्वतःचंच वजन खाली ओढतं. ओला असताना नाकाशी धरून बघा. भिजलेल्या घोंगडीचा मंद वास आला तर ती मेंढीची खरी लोकर. खात्री करायची तर गुंड्याचा बोटभर धागा चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळतं आणि कडक मणी होतो. हे कळलं पाहिजे, त्याचं कारण पुढे वाटीच्या वेळी येईल.

वाळल्यावर टाके परत सुईवर घेताना एक बघायचं. प्रत्येक टाक्याला दोन पाय असतात, त्यातला उजवा पाय सुईच्या पुढे, आपल्याकडे आला पाहिजे. एखादा उलटा बसला तर तिथे पीळ पडलेला दिसेल. सुती दोरा मात्र लगेच काढू नका. तो तसाच राहू दे. तुमच्या पहिल्या ओळींत काही बिघडलं आणि उसवावं लागलं, तर उसवणं त्या दोऱ्याशी येऊन थांबेल. आईच्या टाक्यांना धक्का लागणार नाही. दोरा शेवटी, पिशवी शिवून झाल्यावर काढा.

पुढच्या लोकरीचा रंग. लिंबू रंगाशी जुळणारी लोकर शोधत फिरू नका. अकरा वर्षांपूर्वीचा तोच रंग मिळत नाही, आणि जवळपासचा घेतलात तर तो चुकल्यासारखा दिसतो. सरळ वेगळा रंग घ्या. पांढरा घ्या, मोरपंखी घ्या, तुम्हाला आवडेल तो. जिथे आईचा हात थांबला तिथेच रंग बदलेल, आणि बघणाऱ्याला न सांगता ते कळेल. मला तर तेच या पिशवीतलं सगळ्यात सुंदर वाटतं. जाडी मात्र जुळलीच पाहिजे. आईच्या गुंड्यातला थोडा धागा दुकानात घेऊन जा. दोन्ही धागे दुमडून एकमेकांत अडकवा, साखळीच्या दोन कड्या अडकवतो तसे, आणि डोळे मिटून चिमटीतून एका बाजूकडून दुसरीकडे फिरवा. जोड कुठे आहे ते बोटाला कळलं नाही तर जाडी सारखी. ५० ग्रॅमचा एक गुंडा पुरतो.

नवी लोकर जोडताना गाठ मारू नका. वीतभर टोक मोकळं सोडून सरळ नव्या लोकरीने विणायला लागा. पहिले दोन-चार टाके सैल वाटतील, ओळ संपल्यावर टोक हलकेच ओढून सारखे करा. ही टोकं शेवटी बोथट सुईने कडेच्या वरंब्यात लपवायची.

आणि आता आईची कड बघा. दोन कडांना बारीक साखळी दिसतेय का? दिसत असेल तर आई प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलत असे. कड गाठीगाठींची असेल तर ती सगळे टाके विणत असे. तिने जे केलं तेच तुम्ही करा. साखळीसारखी हवी असेल तर लोकर आपल्याकडे ठेवून पहिला टाका उलट विणताना घेतो तसा नुसता उजव्या सुईवर सरकवायचा, मग लोकर दोन्ही सुयांच्या मधून मागे नेऊन पुढचे ३५ सुलट. साखळीच्या कडेचा शिवताना फार उपयोग होतो, दर वरंब्याला एक कडी मिळते.

दहा वरंबे झाले की थांबून मोजपट्टी लावा. आईच्या भागाची रुंदी आणि तुमच्या भागाची रुंदी. सारखी आली तर उत्तमच. तुमचा हात सैल असेल आणि तुकडा रुंद होत असेल तर नऊ नंबरची सुई घ्या, म्हणजे पावणेचार मिलिमीटरची. घट्ट असेल तर सात नंबर, साडेचारची. एखाद्या सुताचा फरक राहिला तर राहू द्या. ती तुमची आई होती, तुम्ही तिची नक्कल नाही.

रंग बदलला तिथपासून एकूण ६० वरंबे विणायचे. म्हणजे १२० ओळी, ४३२० टाके, सगळे मिळून साडेतीन ते पावणेचार तास. रोज अर्धा तास बसलात तर आठ दिवस. दुपारी बाळ-बाळंतीण झोपल्यावरचा अर्धा तास, रात्रीचा नाही. रंगाच्या जोडापासून तिसाव्या वरंब्याच्या कडेला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण बांधा, पिशवीचा तळ तिथे येणार. टाका सुटलाच तर घाबरून ओढू नका. सुटलेला टाका जागेवर सेफ्टी पिनेत अडकवा, मग शांतपणे क्रोशाच्या सुईने वर आणा.

टाके बंद करताना सुई सहा नंबरची घ्या. नवीन हात टाके बंद करताना नेमका आवळतो, आणि ही कड म्हणजे पिशवीचं तोंड. ते आवळलं गेलं तर पिशवी बटाट्यासारखी होते आणि वाटी आत जात नाही.

मग तिसाव्या वरंब्यावर दुमडा, कडा जुळवा आणि आईच्या उरलेल्या लिंबू लोकरीने दोन्ही बाजू शिवा. एका बाजूची एक कडी, समोरच्या बाजूची एक कडी, तळाकडून वर. मशीनवर नको, मशीनखाली विणकाम ताणतं आणि कड लाटेसारखी होते. पिशवी सतराएक सेंटिमीटर रुंद आणि पंधरा खोल होईल. वाटी-चमचा, वर आशीर्वादाची चिठ्ठी, सगळं बसतं.

अस्तर मात्र लावाच, आणि सुतीच. एक तर विणलेलं कापड वजनाने ताणतं, चमच्याचं टोक दोन टाक्यांमधून बाहेर डोकावतं. दुसरं कारण चांदीचं. मेंढीच्या लोकरीत गंधक असतं आणि गंधकाने चांदी काळी पडते. म्हणूनच तो धागा जाळून बघायला सांगितला. आईची आणि नवी, दोन्ही लोकरी ॲक्रिलिकच्या असतील तर ती भीती नाही. खरी लोकर असेल तर वाटी-चमचा मलमलीत गुंडाळून आत ठेवा आणि बारसं झाल्यावर कपाटात ठेवताना वेगळा ठेवा, पिशवीत ठेवून देऊ नका. अस्तराला आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा असेल तर प्रश्नच मिटला. खणाचं कापड शोभून दिसतं, पण ते आधी धुऊन बघा, गडद खणाचा रंग लिंबू लोकरीला लागला तर निघणार नाही. अस्तर पिशवीपेक्षा बोटभर लहान बेता, आत ढकला, तोंडाशी बारीक हेम घाला.

बटण पुढच्या बाजूला, पक्क्या दोऱ्याने. पिशवी पाळण्यात किंवा बाळाच्या हाताशी ठेवू नका. थोड्याच दिवसांत सगळं तोंडात जायला लागेल, बटणही आणि लोकरीचे तंतूही.

राहिला बटणाचा फास. झाकणाची कड म्हणजे आईने टाके घातले ती पहिली ओळ. तिच्या एका कोपऱ्यात लोकरीचं एक टोक लोंबत असेल, टाके घालताना सोडतात ते. ते कापू नका. जुन्या बायका हे टोक बरंच लांब सोडायच्या, पुढे शिवायला उपयोगी पडावं म्हणून. ते बोथट सुईत ओवून कडेच्या आतून झाकणाच्या मध्यापर्यंत न्या. तिथे बाहेर काढून बटणाच्या मापाचे दोन वेढे घ्या आणि त्यांवर काजाचे टाके जवळजवळ घालत जा. टोक अपुरं पडलं तर अर्ध्या गुंड्यातलं जोडा. पण आधी ते मोजून बघा, मला वाटतं पुरेल.